पाच प्रतिष्ठित माणसं

मी पुण्याला निघाले त्या दिवशी पाटोद्याच्या स्टँडवर मला सोडायला अकरा माणसं आली होती. आई, आण्णा, धाकटा भाऊ, दोन चुलत्या आणि वस्तीतल्या चार बाया एवढी आमची. उरलेली दोघं बाजाराला आली होती, आम्हाला बघून थांबली ती थांबलीच. गाडी दीड तास उशिरा आली, पण एकानंही 'आता निघतो' म्हटलं नाही. गाडी लागल्यावर भावानं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, कंडक्टर त्याच्यावर खेकसला, चुलतीनं कंडक्टरला चार शब्द सुनावले, आणि या गडबडीत रडायचं राहूनच गेलं. आण्णा एवढंच म्हणाले, "नाव घालवू नको." आईनं मात्र गाडी हलता हलता खिडकीचा गज धरून सांगितलं, "कुनी इचारलं तर मी सांगनार, सरकारी होस्टेलात हाय. तू बी तेच सांग."

मला होस्टेल मिळालं नव्हतं. येरवड्याला तीन मुलींबरोबर भाड्याच्या खोलीत राहून मी समाजकार्याचं शिकणार होते. त्यात वाईट काही नव्हतं. पण पोरगी भाड्याच्या खोलीत राहते म्हटलं की पुढचे दहा प्रश्न येतात आणि होस्टेल म्हटलं की एकही येत नाही. आईला हे मला सांगायची गरज पडली नाही आणि मलाही विचारायची.

तुम्ही जे गावातच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, दोघांनाही हे ठाऊक आहे. आपल्याकडून जो कुणी बाहेर पडतो तो मागे एक वाक्य ठेवून जातो. बीडला क्लासला हाय. ऊसतोडीला गेलीत, पाडव्याला येतील. पुण्याला कंपनीत हाय. ते वाक्य घरच्यांनी सांभाळायचं, पाण्याला गेल्यावर, लग्नात, मयतीत, कुणी विचारलं की काढून दाखवायचं. ते खरं असलंच पाहिजे असं नाही. माणूस परत आला की सगळं जागेवर येतं, म्हणून ते परत येण्यासारखं मात्र असावं लागतं.

आता मला इथं येऊन सतरा वर्षं झाली. मी एका संस्थेत काम करते. आमच्या बोलण्यात केस, फॉलोअप, कस्टडी, रिपोर्ट हे शब्द मीठ-मिरचीसारखे येतात. पहिल्या वर्षी माझ्या 'हाय' आणि 'न्हाई'ला पोरी हसायच्या, म्हणून मी ते दाबून टाकलं. पुढे त्याच बोलीमुळे माझं महत्त्व वाढलं. फाइलवर बीड जिल्हा दिसला की साहेब म्हणतात, "ही मॅडमकडे द्या, त्यांना त्या भाषेत बोलता येतं." बीडच्या फाइली यायला लागल्या तेव्हा मला गावाकडून पत्र आल्यासारखा आनंद व्हायचा. तो किती दिवस टिकला हे सांगायला नको.

काम असं. शहरात एखाद्या लॉजवर पोलिसांचा छापा पडतो, तिथं बायका सापडतात. पोलीस त्याला 'पिटाची केस' म्हणतात, अनैतिक व्यापार रोखायच्या कायद्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. लोकांना वाटतं की शरीर विकणं हाच गुन्हा. कायदा तसं म्हणत नाही. असा लॉज चालवणं गुन्हा, दलाली गुन्हा, रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा, तिच्या कमाईवर जगणं गुन्हा. हे शेवटचं कलम दलालासाठी लिहिलं असणार, पण शब्द असे आहेत की त्यात गावाकडची आईसुद्धा बसू शकते. लॉजमध्ये सापडलेली बाई आरोपी नसते. ती पीडिता. तिला शिक्षा करायची नसते, तिला सोडवायचं असतं. सोडवून ठेवतात कुठं, तर कुलूप असलेल्या संरक्षणगृहात. मॅजिस्ट्रेटनं तिचं घर कसं आहे, माणसं कशी आहेत, ती तिला सांभाळतील का, याची चौकशी करवायची. मन भरलं तर घरच्यांच्या ताब्यात द्यायचं, नाही भरलं तर वर्षभर किंवा जास्तही तिथंच ठेवायचं. सज्ञान बाईला तिच्या मनाविरुद्ध असं ठेवता येत नाही, हे वरच्या कोर्टांनी सांगितलेलं आहे. पण ते सांगायला वकील उभा राहावा लागतो.

या कायद्यात एक गमतीचं कलमही आहे. मॅजिस्ट्रेटला मदत म्हणून पाच प्रतिष्ठित व्यक्ती बोलावता येतात, त्यातल्या शक्यतो तीन स्त्रिया असाव्यात. नोकरीला लागल्यापासून मी असे पाच जण बसलेले कधी पाहिले नव्हते. आम्ही ऑफिसात त्यावर हसायचो, की या शहरात वेळ असलेली पाच प्रतिष्ठित माणसं आणायची कुठून.

घरच्या चौकशीचं काम आमच्या संस्थेकडे येतं. त्याला गृहचौकशी म्हणतात. ती करायला मी छायाच्या गावी गेले.

छाया सव्वीस वर्षांची होती. तिचं गाव माझ्या गावापासून सहा-सात कोसांवर, आमच्याच तालुक्यात. नवऱ्यानं दोन वर्षांत टाकली, मग ती पुण्याला सुटे भाग भरायच्या कंपनीत लागली, कंपनीनं ब्रेक दिला, म्हणजे कामावरून कमी केलं, आणि त्यानंतरचं तिनं मला सांगितलं ते इथं लिहायचं कारण नाही. संरक्षणगृहाच्या भेटीच्या खोलीत पहिल्यांदा बसली तेव्हा ती खाली बघून हो-नाही करत होती. मी पाटोद्याचं नाव काढलं तशी मान वर आली.

"मंग तुमी आमच्याकडच्याच की वो!"

त्यानंतर अर्धा तास ती बोलत होती. तिला दुसरं काही नको होतं, घरी जायचं होतं. माय आली की सुटते, एवढं तिला वकिलानं सांगितलं होतं. वडील वारलेले. घरी माय आणि धाकटी बहीण. गावात सगळ्यांना माहीत होतं की छाया कंपनीत आहे.

"फोन करू नका," ती म्हणाली. "फोन धाकटीपाशी असतो. तिचं आता लग्नाचं चाललंय, तिला कळाय नगं. तुमी जाऊन मायला एकटीला गाठा. ती येती बगा. नुसतं सांगा, ती येती."

मी म्हटलं, येईल. माझाही तसाच विश्वास होता.

फाट्यावर उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. टपरीवाल्यानं विचारलं, "कुनाकडं?" आपल्याकडे हा प्रश्न चुकत नाही आणि त्याला उत्तर न देणं म्हणजे भांडण उकरणं. मी छायाच्या आईचं आडनाव सांगितलं. तिथं एक पन्नाशीच्या बाई गाडीची वाट बघत उभ्या होत्या, हातात पिशव्या, बाजाराला निघालेल्या. त्या लगेच म्हणाल्या, "आमच्या शेजारीच की. चला." मी म्हटलं, तुमची गाडी येईल, मी जाते एकटी. तर त्या माझ्यावरच रागावल्या. "येवड्या लांबून आलेल्या पावन्याला एकटं सोडू व्हय? बाजार काय, पुडल्या आठवड्याला बी हाय."

या मथुराबाई. तुम्ही ओळखलं असेल त्यांना, तुमच्याही गावात एक असतेच. त्यांनी माझी बॅग काढून घेतली आणि चालता चालता माझी चौकशी सुरू केली. कुठून आल्या? पुण्याहून. मूळच्या? मी गाव सांगितलं. कुणाच्या? आण्णांचं नाव सांगितलं. मग आपलेच, जयभीमवाले. नोकरीला? हो. घरात कुणी लग्नाचं? मी काही बोलले नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "कळलं मला. धाकटीला बगाय आलाव."

इथं मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, देवानं पाठवल्यासारखी ही सबब आली. पुण्याची शिकलेली बाई एखाद्या घराची माहिती काढत आली तर गावाला दुसरा अर्थ सुचतच नाही, आणि हा अर्थ तर चांगला. छायाचं नाव कुठं येणार नाही, धाकटीला कळणार नाही, मायला बाजूला घेऊन सांगता येईल. शहरात वाढलेल्या आमच्या ऑफिसातल्या पोरीला ही युक्ती सुचली नसती. ती सरळ म्हणाली असती की मी संस्थेतून आले आहे, आईंशी खाजगी बोलायचं आहे. मी इथली होते, म्हणून मी हुशारी केली आणि गप्प राहिले.

दोन खोल्यांचं घर, वर पत्रे, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, त्यांच्याखाली दोन्ही बहिणींचा शाळेच्या कपड्यातला एक फोटो. मी जयभीम म्हटलं तसा छायाच्या मायचा, त्या माउलीचा चेहरा उजळला. मथुराबाईंनी दारातूनच डोळ्यांनी तिला काय ते सांगितलं होतं. पाच मिनिटांत सतरंजी आली, पाणी आलं आणि माणसं यायला लागली. मथुराबाईंची जाऊ आली. अंगणवाडीच्या सेविका आल्या. वस्तीतले रिटायर गुरुजी काठी टेकत आले. आणि मग वरच्या आळीचे माजी सरपंच आले, वीस एकरवाले, पांढऱ्या कपड्यातले. ते आत आले नाहीत, अंगणात खुर्ची टाकून बसले. चहा पुढे केला तर 'आत्ताच झाला' म्हणाले. पण आले. कुणी बोलावलं नव्हतं. गावातल्या पोरीचं स्थळ आलं तर तिच्या बाजूनं दोन शब्द बोलायला जायचं असतं, म्हणून आले.

मी फॉर्म बाहेर काढला नाही. त्याची गरजच नव्हती. गृहचौकशीचे प्रश्न मला पाठ होते, आणि स्थळ बघायला आलेली माणसं जे विचारतात तेच ते प्रश्न असतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. घर स्वतःचं का? पाण्याची सोय? जमीन? कुणाला व्यसन? शेजाऱ्यांशी संबंध? सगळी उत्तरं मला मागण्याआधी मिळत होती, जास्तीची मिळत होती. गुरुजींनी धाकटीचे दहावीचे मार्क सांगितले. सरपंच म्हणाले, "बापाच्या माघारी बाईनं पोरी लई इज्जतीनं वाढवल्या. ह्या घराकडं बोट दावाया जागा न्हाई." मी मनातल्या मनात रिपोर्ट लिहीत होते. इतकं चांगलं घर मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. मॅजिस्ट्रेट एका वाचनात सही करतील असं मला वाटत होतं.

आणि त्याच भरात मी पुढचा प्रश्न विचारला, जो फॉर्मवर पुढचाच आहे. "तुम्हाला मुलं किती?"

माउली थांबली. पदर नीट केला. "दोन पोरी," ती म्हणाली. "थोरली न्हाई आता."

तिला काय म्हणायचं होतं हे मला आजही सांगता येत नाही. 'इथं नाही' म्हणायचं असेल. पुढे 'कंपनीत हाय' येणार होतं की काय, कोण जाणे. पण पुण्याच्या स्थळापुढे 'टाकलेली थोरली पुण्याला एकटी राहते' हे वाक्य किती महाग पडेल ते मथुराबाईंच्या क्षणात लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "गेली वो बिचारी. कावीळ झालती."

मग जाऊबाई म्हणाल्या, "चार वर्सं झाली." सेविका म्हणाल्या, "लई गुनाची व्हती." गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि मान हलवली. अंगणातून सरपंच म्हणाले, "बीडला नेलती की दवाखान्यात. माझीच जीप व्हती. पर हाती न्हाई लागली." त्यांनी आमच्या लोकांच्या घरचा चहा घेतला नव्हता, खोटं मात्र आमच्या बरोबरीनं बोलले. धाकटी चहाचे कप गोळा करायला आली होती, ती त्या फोटोच्या पुढे जाऊन उभी राहिली. फोटोला हार नव्हता. ते माझ्या ध्यानात येऊ नये म्हणून ती तिथं उभी होती, आणि मी निघेपर्यंत हलली नाही.

त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं की छाया जिवंत आहे. निदान कंपनीत तरी आहे. कुणी कुणाकडे बघितलं नाही, इशारा केला नाही. एका पोरीचं कल्याण व्हावं म्हणून पाच माणसांनी एका श्वासात दुसरीला मारलं, आणि त्यात कुणाचा काडीचा स्वार्थ नव्हता.

मी निघाले तर सगळे माझ्याबरोबर फाट्याकडे निघाले. आता मला काहीही करून माउलीला एकटं गाठायचं होतं. मी म्हटलं, मला यांच्याशी थोडं आतलं बोलायचं आहे. एवढं म्हणायचा अवकाश, पाचही जण लगेच थांबले. "बोला की, बोला," म्हणत मागे लिंबाखाली जाऊन पाठ फिरवून उभे राहिले. सकाळी दारातच हे वाक्य बोलले असते तर तेव्हाही असेच गेले असते. ही गोष्ट मी अजून पचवू शकलेले नाही.

मी तिला सांगितलं. मी स्थळ घेऊन आले नाही. छाया सुखरूप आहे, पुण्यात आहे, कोर्टाच्या ताब्यात आहे. तुम्ही कागद घेऊन आलात की सुटेल. तिनं तुमच्या नावाचा धोशा लावला आहे.

ती कशात सापडली हे तिनं मला विचारलं नाही. मग म्हणाली, "बाई, तुमी पयलं कावून न्हाई सांगितलं?"

मी म्हटलं, माझं चुकलं. पण अजूनही वेळ गेलेली नाही. त्यांना माहीतच आहे ना ती आहे म्हणून.

"त्येच तर," ती म्हणाली. "मायीत असून बोलले ते. माज्या पोरीसाठी बोलले. सरपंच कदी आमच्या दारात येत न्हाई, त्यो येऊन बोलला. आता उद्या मी तिला हाताला धरून आनली तर ह्यांची तोंडं कुठं ठिवू मी? आन धाकटीला पुना कोन इचारनार? कंपनीत हाय म्हनत व्हते तोवर ती कवा बी आली असती. दिवाळीला आली असती. आता कशी येईल?"

मी बोलत राहिले. कायदा सांगितला, हक्क सांगितला, बस भाड्याची सोय सांगितली. तिनं ऐकून घेतलं. शेवटी माझा हात धरला आणि विचारलं, "खाती पिती का नीट?" मी हो म्हटलं. "मंग तितं ऱ्हाऊ द्या तिला. तितं सरकारचं छप्पर हाय." आणि डोळे पुसून, तोंड नीट करून ती लिंबाकडे वळली, कारण माणसं वाट बघत होती आणि त्यांना तिचा चेहरा दिसणार होता.

परतीच्या गाडीत मी बोटं मोजली. मथुराबाई, त्यांची जाऊ, सेविका, गुरुजी, सरपंच. पाच प्रतिष्ठित व्यक्ती, त्यांपैकी तीन स्त्रिया. कायद्याला हवं तसं मंडळ एकदाच माझ्या नशिबी आलं आणि ते बोलावलं मीच.

रिपोर्टात मी लिहिलं, 'आई ताबा घेण्यास असमर्थ'. दुसरं काय लिहिणार? मॅजिस्ट्रेटनं एक वर्षाचा आदेश दिला. छायानं विचारलं तेव्हा मी सांगितलं की माय आजारी आहे, प्रवास झेपणार नाही. ती म्हणाली, "मंग मी गेलं पायजे की तिच्याकडं." ती संरक्षणगृहात शिवण शिकत होती. मी महिन्यातून एकदा जायची. प्रत्येक वेळी ती मायच्या तब्येतीचं विचारायची आणि प्रत्येक वेळी मी तिची तब्येत थोडी थोडी सुधारत असल्याचं सांगायची.

मथुराबाईंनी त्या दिवशी माझा नंबर घेतला होता. त्यांचे फोन यायचे. "बाई, काय झालं वो त्या स्थळाचं? पोरगी लाखात येक हाय. मुलगा सावळा असला तरी चालंल." माउलीनं कुणालाच खरं सांगितलं नव्हतं. मी म्हणायची, मुलाकडचे विचार करताहेत. एकदा त्या म्हणाल्या, "थोरलीचं आयकून मागं सरले का? कावीळ काय घरान्यात न्हाई, असं सांगा त्यांला." मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. त्या बाईचा मला राग येत नव्हता. राग यावा असं तिनं काय केलं होतं?

आठ महिन्यांनी एका वकीलबाईंनी अर्ज केला, की ही सज्ञान आहे, तिला असं ठेवता येत नाही. अर्ज मंजूर झाला. छाया सुटली त्या दिवशी मी फाटकाशी गेले. रजिस्टरमध्ये 'जाण्याचे ठिकाण' असा रकाना होता. छायानं माझ्याकडे बघितलं. "गाव लिहू ना?"

तेव्हा मला पुढे ढकलता आलं नाही. फाटकाबाहेरच्या बाकड्यावर तिला बसवून मी सगळं सांगितलं. मथुराबाई, स्थळ, माझं गप्प राहणं, पाचही जण काय काय बोलले ते. मला वाटलं ती मला मारेल. मी मार खायला तयार होते.

तिनं विचारलं, "कशानं मेले मी?"

"कावीळ."

"मला झालतीच की कावीळ. सातवीत असताना. मथुरामावशीनंच पाला आनून दिलता. सकाळच्या पारी उटून कुटायची, समोर बसून पाजायची. पंधरा दिवस." मग म्हणाली, "तवा वाचले मी."

रजिस्टरमध्ये तिनं 'पुणे' लिहायला सांगितलं. शिवणाचं काम बघू, मी ओळखीच्या ठिकाणी बोलते, असं मी म्हणत होते. ती हो हो म्हणत होती. रिक्षात बसताना तिनं मला वाकून नमस्कार केला, आपल्याकडच्या थोर बाईला करतात तसा, आणि त्यानं माझी उरलीसुरली लाज गेली. तिचा नंबर दोन आठवड्यांत बंद झाला. कायद्याच्या दृष्टीनं ती आता मुक्त आहे. ती कुठं गेली असेल हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. तिची फाइल आम्ही 'पुनर्वसन' अशा शेऱ्यानं बंद केली.

पुढच्या महिन्यात मी गावी गेले. आण्णा आता नाहीत, भाऊ बाहेर नोकरीला, आई एकटी असते. चुलीपाशी ती भाकरी थापत होती आणि मी तिच्यासमोर पाटावर जेवत होते. माझ्यासाठी घर म्हणजे आता एवढंच उरलं आहे, ती चूल आणि तिच्यासमोरची पाटाएवढी जागा. सतरा वर्षं इथं-तिथं राहिले तरी ही जागा माझी आहे, काही झालं तरी माझी आहे, असं मी धरून चालले होते. मी तिला छायाची गोष्ट सांगितली, नावगाव न सांगता. मला वाटत होतं की ती त्या माउलीला दोन शिव्या घालेल.

आई म्हणाली, "मी तरी काय येगळं केलं असतं?"

मी विचारलं, "तू कशानं मारलं असतंस मला?"

तिनं भाकरी उलटली. "गाडीनं उडवलं म्हनले असते. तू पुन्याला हायस. तितं गाड्या लई."

तिला विचार करावा लागला नाही. मग तिनं ती भाकरी माझ्या ताटात टाकली, आणि मी खाल्ली.